पोथी घरातच राहू द्या, आकडे बाहेर येऊ द्या

घरोघरी पडून असलेल्या गणित-ज्योतिषाच्या पोथ्या, जुनी यंत्रं आणि नोंदवह्या यांची नीट डिजिटल प्रत करून ती अभ्यासकांना खुली करावी, असं मी गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, फोन आले. भाजीबाजारात अडवूनही दोघांनी विचारलं. त्यातले काही प्रश्न आज घेते. नावं छापत नाही, फक्त गाव देते. ‘यांच्याकडे जुनं काही आहे’ एवढी बातमी नको त्या माणसालाही पुरते.

ताई, आमच्याकडे पणजोबांचं ज्योतिषाचं दप्तर आहे. लाल फडक्यात बांधलेलं ‘ग्रहलाघव’ आणि कोष्टकांची बरीच सुटी पानं. मुलगा म्हणतो, मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपवर पीडीएफ करून टाकू. पण ग्रहलाघव तर केव्हाच छापून झालंय. आमच्या प्रतीचा कुणाला काय उपयोग?
— पंचवटी

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा हा ग्रंथ, शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० चा. ज्या-चापाच्या (आजच्या भाषेत साइनच्या) किचकट गणिताला बगल देऊन ग्रह काढायची सोय त्यांनी करून दिली, म्हणून तो पंचांगकर्त्यांच्या घरोघरी पोहोचला. त्याच्या छापील प्रती मिळतात. तेव्हा नुसत्या मूळ श्लोकांसाठी तुमची पोथी कुणी शोधत येणार नाही. माझा जीव अडकलाय तो तुमच्या सुट्या पानांत.

त्या पानांत ‘पलभा’ असा शब्द आणि त्यापुढे दोन आकडे सापडतात का बघा. विषुवदिनी भर माध्यान्ही बारा अंगुळं उंचीच्या शंकूची जेवढी सावली पडते ती पलभा. ती गावाच्या अक्षांशावर ठरते. नाशिक जवळजवळ बरोबर २० अंशांवर आहे, म्हणून इथली पलभा ४ अंगुळं २२ व्यंगुळं (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग), लिहायची ४|२२ अशी. पैठणची ४|१५ च्या आसपास येते, पुण्याची ४|१. तुमच्या पानावर ४|२२ असेल तर कोष्टकं याच अक्षांशासाठी केलेली आहेत. ४|१ निघालं तर ती पुण्याकडून उतरवून आणलेली असण्याचा संभव मोठा. जुने गणक आकडा थोडा मागेपुढे धरत, त्यामुळे एवढ्यावरच शिक्कामोर्तब करायचं नाही. पण अशी पन्नास घरांतली पानं एका ठिकाणी आली, तर कोणती कोष्टकं कुठून कुठे गेली, कुणी कुणाची उतरवली, हे कळायला लागतं. छापील पुस्तकात यातलं काहीच सापडणार नाही.

आता ते अ‍ॅप. त्याची ‘सुधारणा’ आधी बंद करा. ही अ‍ॅप्स पानाच्या कडा कापतात, रंग घालवून पांढऱ्यावर काळं करतात आणि आपण ‘काय स्वच्छ आलं!’ म्हणून खूश होतो. समासात बारीक अक्षरात केलेली वजाबाकी गेली, तांबड्या शाईच्या दंडरेषा गेल्या, चूक झाकायला लावलेला पिवळा हरताळ गेला. सगळी गंमत त्यातच असते. (हरताळात आर्सेनिक असतं. पानं हाताळून झाली की हात धुवा आणि थुंकी लावून पान उलटायची सवय घरात कुणाला असेल तर त्याला दप्तरापासून लांब ठेवा.)

साधा कॅमेरा किंवा बरा मोबाइल चालेल. तो तिपाईवर, पानाच्या बरोबर वर, सरळ खाली बघेल असा लावा. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, फ्लॅश नाही. खाली करडा कागद. पान पूर्ण दिसू द्या, चारही कडांसकट. शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि जमलं तर रंगपट्टी ठेवा. पानावर इंचाला निदान ३०० बिंदू पडले पाहिजेत, अक्षर बारीक असेल तर ६००. मूळ फाइल टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलप्रकारात) जपा, पीडीएफ फक्त पाहुण्यांना दाखवायला. पोथीचे पत्रांक, म्हणजे पानांचे क्रमांक, बहुधा पानाच्या मागच्या बाजूला, समासात असतात. फाइलला नाव देताना तेच वापरा: पत्र १२ पुढची बाजू, पत्र १२ मागची बाजू. सातवं पान हरवलं असेल तर आठव्याला सातवं करू नका. ते नाही हीसुद्धा माहितीच आहे. कोरी पानंही घ्या.

शेवटचं पान सावकाश वाचा. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ (जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं) अशा ओळीच्या आगेमागे शक, संवत्सर, तिथी, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते जसंच्या तसं टाइप करा, अशुद्ध असेल तर अशुद्ध. आणि सेलोटेप, लॅमिनेशन, फेव्हिकॉल यांतलं काहीही पोथीला लावलंत तर पुढचा प्रश्न मला विचारू नका.

आजोळहून तांब्याची एक वाटी आली आहे. बुडाला बारीक भोक. आई म्हणते, लग्नात मुहूर्ताला पाण्यात सोडायचे. मोबाइलवर तिचं थ्रीडी मॉडेल करता येईल का? आधी घासून चकचकीत करू का?
— सिन्नर

घासू नका! चिंच, लिंबू, पावडर, काही नाही. घासताना भोकाची कड झिजते आणि या वाटीचा सगळा जीव त्या भोकात आहे. हे घटिकापात्र. घंगाळातल्या पाण्यावर सोडलं की ते भरत भरत २४ मिनिटांनी बुडावं, अशी त्याची रचना. ती एक घटिका. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र.

मॉडेल होतं. वाटीभोवती फिरत थोड्या थोड्या अंतरावर फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराच भाग पुन्हा आला पाहिजे. तीन उंचींवरून एकेक फेरी, मग वाटी उलटी करून पुन्हा तेच. धातूची चमक सॉफ्टवेअरला फसवते, म्हणून ऊन नको, ढगाळ दिवसाचा सावलीतला उजेड उत्तम. शेजारी पट्टी हवीच, नाहीतर संगणकाला ही वाटी आहे की हंडा ते कळत नाही. मॉडेल तयार झालं की मूळ फोटो पुसू नका. दहा वर्षांनी याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल, तेव्हा तेच लागतील.

पण खरं सांगू का, मॉडेल दिसायला छान असतं आणि कामाला येते ती वजनमापं. सोनाराच्या काट्यावर वजन करा. तोंडाचा व्यास, उंची, काठाची जाडी मोजा. मग घंगाळात पाणी घेऊन, वाटीला डागडुजी केलेली किंवा चीर गेलेली नसेल तरच, ती सोडा आणि घड्याळ लावा. किती मिनिटं-सेकंदांनी बुडाली आणि पाणी किती गरम होतं, दोन्ही लिहा. चार-पाच वेळा करा आणि सगळे आकडे द्या, फक्त २४ च्या जवळचे निवडून नकोत. २६ मिनिटं लागली तर लाजायचं कारण नाही. भोकात मळ बसला असेल, किंवा ज्याने केली त्यानेच तशी केली असेल. श्रीरामुल राजेश्वर शर्मा यांनी भारतीय खगोलयंत्रांची मोठी वर्णनात्मक सूची करून इंटरनेटवर सर्वांना मोफत ठेवली आहे. नोंद कशी लिहावी हे शिकायचं तर ती उघडून बघा. सूची रूक्ष असते असं म्हणणाऱ्यांनी तर जरूर बघावी.

इतकी मेहनत आपण करायची आणि फुकट वाटायचं? परदेशी विद्यापीठं त्यावर पैसे कमावणार. त्यापेक्षा निदान ‘व्यापारी वापरास मनाई’ असं तरी लिहावं ना?
— नाशिक रोड

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला, आणि थोड्या रागानेच.

आर्किमिडीजचं गणित असलेलं एक जुनं चर्मपत्री पुस्तक आहे. मूळ मजकूर खरवडून वर प्रार्थना लिहिलेल्या. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते २० लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्याने आपलं नाव जाहीर केलं नाही. पण त्याच माणसाने ते तपासायला दिलं, वेगवेगळ्या प्रकाशलहरींत पानं टिपली गेली, पुसलेला मजकूर वर आला, आणि २००८ साली ती सगळी चित्रं आणि वाचनं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (ठरावीक अटींवर सर्वांना वापर खुला करणाऱ्या) परवान्याखाली कुणालाही उतरवून घेता येतील अशी ठेवली गेली. पुस्तक मालकाचंच राहिलं. २० लाख डॉलर मोजणाऱ्याचं काही कमी झालं नाही, तर आपण आपल्या दप्तराला कुलूप लावून काय मिळवणार? वाळवीला कुलूप कळत नाही.

पोथी बाहेर जायची भीती असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जाईल ते फक्त चित्र. चोख चित्र उपलब्ध असलं की पोथी हाताळायला मागणारेही कमी होतात.

‘व्यापारी वापरास मनाई’ ऐकायला बरं वाटतं, पण त्यात आपलेच लोक अडकतात. ती अट घातलेलं चित्र विकिपीडियाला चालत नाही. मराठीत पुस्तक काढणारा छोटा प्रकाशकही ते वापरायला कचरतो. ‘श्रेय द्या आणि वापरा’ एवढाच परवाना ठेवा. मात्र परवाना ठेवाच. काहीच लिहिलं नाही तर सज्जन माणूस हात लावत नाही आणि दुर्जन विचारत नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा लेखनहक्क बहुधा संपलेला असतो. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या ग्रंथावर तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आजोबांची स्वतःची टिपणं असतील तर मात्र हक्क अजून चालू असू शकतो, तेव्हा भावंडांची संमती लेखी घ्या. (हे वाक्य मी अनुभवाने लिहिते आहे. अधिक विचारू नये.)

ठेवायचं कुठे? झेनोडो नावाचं भांडार आहे, जिनिव्हाजवळची सर्न ही संशोधनसंस्था २०१३ पासून चालवते. पैसे नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं, आणि प्रत्येक नोंदीला डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. अभ्यासकाने तुमचा डेटा वापरला की तो क्रमांक द्यायचा, म्हणजे श्रेय आपोआप येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकलेलं ‘खुलं’ धरू नका. तिथे चित्राचा दर्जाही जातो आणि पत्ताही.

आमच्या आजोबांनी रोजचा पाऊस लिहून ठेवलेल्या वह्या आहेत. काही इंचात, नंतरच्या मिलिमीटरमध्ये. मध्येच ‘मृग कोरडा’, ‘गारा, बाग झोपली’ असे शेरे. हे विज्ञान म्हणायचं का?
— निफाड

नाहीतर काय म्हणायचं? तुमच्या वह्या मला या टपालातल्या सर्वांत मोलाच्या वाटल्या. निफाडची थंडी दर डिसेंबरात पेपरात येते, निफाडच्या एका शेतातला जुना पाऊस कुठेही छापलेला नसतो.

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात ब्रिटनमध्ये पावसाच्या जुन्या हस्तलिखित तक्त्यांचे आकडे टाइप करायची हाक दिली गेली. सुमारे १६,००० लोकांनी घरबसल्या ५० लाखांवर नोंदी उतरवल्या. त्यासाठी कुणी हवामानतज्ज्ञ असावं लागलं नाही.

पानांचे फोटो आधी घ्या, मग एक्सेलमध्ये उतरवा. एका स्तंभात वहीतला आकडा जसाच्या तसा, त्याचं एकक दुसऱ्यात, मिलिमीटर तिसऱ्यात. इंच गुणिले २५.४. मूळ आकड्यावर रूपांतर चढवू नका. सगळ्यात घातक चूक शून्याची: आजोबांनी ‘०’ किंवा ‘निरंक’ लिहिलं तो कोरडा दिवस. जागा रिकामी, तर मोजलंच नाही. रिकाम्या चौकटीत शून्य भरलंत की आजोबा पंढरीला गेले ते सगळे दिवस दुष्काळात जमा. महिन्याच्या अखेरीस त्यांनी बेरीज मारली असेल तर तीही वेगळी उतरवा. तुमची बेरीज जुळली नाही तर चूक कुठे ते शोधायला ती कामी येते. दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करून ताडून पाहिलं तर उत्तम.

मोजायची वेळ कोणती होती हे घरात कुणाला आठवत असेल तर आजच विचारा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं. आजोबा संध्याकाळी मोजत असतील तर तारखा एका दिवसाने सरकतात. पर्जन्यमापक कुठे होता, झाडाखाली की मोकळ्यावर, कोणत्या वर्षी हलवला, हेही लिहा. आणि ते शेरे गाळू नका. ‘मृग कोरडा’ला स्वतःचा स्तंभ द्या. गारपिटीची तारीख, भुरी (पिकावरचा बुरशीचा रोग) कधी दिसली, छाटणी कधी घेतली, हे सरकारी पर्जन्यमापक कधीच सांगणार नाही. शेवटी फाइल सीएसव्हीमध्येही (साध्या मजकुराच्या तक्त्यात) साठवा. एक्सेलचं पुढे काय होईल ते कुणी सांगावं, सीएसव्ही मात्र कशातही उघडते.

आठवीच्या मुलांना घेऊन पांडवलेण्यांत असं काही करता येईल का?
— सातपूर, शिक्षिका

येईल, आणि गणिताच्या तासाला येईल. लेणं क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. त्यातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मुलांना हिशेब करू द्या: वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे ३५ ला एक या दराने २००० सुवर्ण (सोन्याची नाणी), असंही आहे. तिथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराच्या खुणेला सत्तरची खूण जोडून ७०,००० केलेले आहेत. ब्राह्मी अंकांच्या इतिहासात नाशिकचं नाव येतं ते अशा लेखांमुळे.

बाजूने तिरपा उजेड पडेल अशा वेळी फोटो घ्या, अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. लेखाला हात, खडू, पाणी काही लावायचं नाही. तिपाई न्यायची तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. प्रत्येक अंकाच्या खुणेचा वेगळा फोटो, त्यासोबत लेण्याचा क्रमांक, ओळ आणि फोटोची तारीख अशी यादी मुलांनीच करू दे. एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात हे लेख वाचून छापले आहेत, त्याच्याशी ताडून पाहा. आणि सहल दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर चाळीस मुलं सांभाळणं काही खरं नाही.