दोन वर्षं वचन धरून प्रार्थना करतेय, तरी नोकरी नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंय की ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्हाला बायबलमधल्या यिर्मया २९:११ ची चिठ्ठी निघाली, 'हिताचे संकल्प, आशा आणि भविष्य' असं सांगणारी. ती धरून दोन वर्षं प्रार्थना केलीत, आणि आता मंडळीतले लोक म्हणतात, विश्वास कमी पडतोय. हे वाक्य आमच्या घरातही बोललं गेलंय, म्हणून लिहायला बसलो.

पप्पांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आईने स्तोत्र ११८ मधलं 'मी मरणार नाही, जगेन' हे वचन वहीच्या कागदावर लिहून औषधांच्या कपाटाला चिकटवलं होतं. डायलिसिसला निघताना पप्पा त्या कागदाला हात लावून जायचे. अकराव्या महिन्यात ते गेले. भेटायला आलेला एक प्रचारक आईसमोर म्हणाला, "घरात कुणाच्या तरी मनात संशय होता." आई गप्प राहिली. तो संशय घेणारा मीच, असं मानून मी पुढे किती दिवस काढले ते मला माहीत.

आपल्या बोलण्यातच एक घोळ आहे. बायबलमधल्या कुठल्याही ओळीला आपण 'वचन' म्हणतो, आणि देवाने दिलेल्या शब्दालाही वचनच म्हणतो. त्यासाठी 'अभिवचन' हा वेगळा शब्द असताना! स्तोत्र ११८ ची ती ओळ मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाची उपकारस्तुती आहे. माझ्या वडिलांच्या आयुष्याची मुदत तिच्यात लिहिलेली नव्हती. ती आम्ही घातली.

तुमच्या चिठ्ठीवरचं वचन मात्र खरंच अभिवचन आहे. पण त्याच्या आधीची ओवी वाचा. ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलं, आणि दहाव्या ओवीत मुदत आहे ७० वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण घरी परतणार नव्हते. त्यांना देव सांगतो: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आता अध्याय २८ बघा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना आवडेल असंच ते होतं. आणि ते खोटं होतं. दोन वर्षांचा हिशेब देवाचा नव्हता. तुमचाही कुणी लावून दिला असेल तर तो सोडून द्या. त्याने विश्वास सुटत नाही.

विश्वासाने जगणं म्हणजे काय, हे मला अध्याय ३२ मध्ये सगळ्यात स्पष्ट दिसलं. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी देव त्याला अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत विकत घ्यायला लावतो. तो १७ शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, आपला लेखनिक बारूख याला सांगतो, हे कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे अभिवचन होतं, आणि तेवढ्यावर त्याने रोख पैसे मोजले. पुढे लोक त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) घेऊन गेले. त्या शेतात तो कधी राबला, असं बायबल कुठे सांगत नाही.

आणि व्यवहार झाल्यावर तो काय करतो? प्रार्थनेत देवालाच विचारतो: शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? देव त्याला अविश्वासी म्हणत नाही. उत्तर देतो.

हे वाचलं तेव्हा मला पप्पा आठवले. डायलिसिसच्या खुर्चीत, डाव्या हातात सुया, आणि उजव्या हाताने ते धाकट्या बहिणीचा नर्सिंगचा फॉर्म भरत होते. पॅड मी धरलं होतं. पालकांच्या सहीच्या जागी त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. दुसऱ्या वर्षाची फी भरायला आपण नसू, हे त्यांना कळत होतं. कपाटावरच्या कागदापेक्षा मला तो फॉर्म जास्त विश्वासाचा वाटतो.

ताई, ठरावीक नोकरी ठरावीक तारखेला मिळेल, असं अभिवचन बायबलमध्ये मला सापडलं नाही. 'मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही' हे आहे. जगात क्लेश होतील, हेही येशूनेच सांगितलंय. या दोन्हींवर उभं राहून अर्ज करत राहा, एखादा कोर्स करायचा असेल तर करा, नकार आला की रडावंसं वाटलं तर रडा. आणि यिर्मया २८, २९, ३२ एका बैठकीत वाचा. ३२ मधली प्रार्थना मोठ्याने वाचा, आणि तिच्या शेवटी तुमचा प्रश्न तुमच्या शब्दांत जोडा.