'ड्रॅगन्स लेअर'मध्ये तर नुसतं बघायचंच असतं, मग लोकांना तो जुना गेम एवढा का आवडतो?

तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. यातल्या हिरोला, डर्क नावाच्या शूर योद्ध्याला, आपण चालवत नाही. पडद्यावर कार्टून सुरू असतं. नेमक्या क्षणी नेमकी दिशा किंवा तलवारीचं बटण दाबायचं, एवढंच. चुकलं की डर्क मेला.

पण ते मरणंच बघण्यासारखं आहे! गेम १९८३ चा. तेव्हा आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, हिरो म्हणजे पॅकमॅनसारखा पिवळा गोळा. इथे डिस्ने सोडून आलेल्या डॉन ब्लूथ यांच्या चमूने हाताने काढलेलं, जवळपास २२ मिनिटांचं अ‍ॅनिमेशन लेझर डिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या पण मोठ्या व्हिडिओ तबकडीवर, भरलेलं होतं. चाल बरोबर पडली तर प्रसंग पुढे सरकतो, चुकली तर डिस्कवरच्या मरणाच्या प्रसंगावर उडी. त्या मरणांवरही चित्रकारांनी तितकाच जीव ओतलाय. आणि डर्क म्हणायला शूर, पण संकट दिसलं की असा किंचाळतो की त्याच्यावर माया जडते.

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात आर्केड मशीन कुठून येणार! मामेभावाने डीव्हीडी आणली होती, टीव्हीच्या रिमोटवरचे बाण दाबून खेळायची. मे महिना, कूलर घरघरतोय, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. एकाच्या हातात रिमोट आणि चौघं मागून ओरडून राहिले, "उजवीकडे बे, उजवीकडे! आता तलवार मार ना!" काळा अवाढव्य गोळा मागे लागतो आणि रंगीत गोळे आडवे येतात, त्या घळीत आम्ही किती वेळा चिरडलो त्याला गणती नाही. चाली वहीत लिहून पाठ केल्या. मग बहिणीच्या लक्षात आलं की बऱ्याचदा सुटकेची वाट क्षणभर चमकते. त्या दिवसापासून वही बंद, सगळे डोळे पडद्यावर. इतकं बारकाईने आम्ही कुठलंच कार्टून बघितलं नव्हतं.

मोकळं हिंडायचं असेल, तर हा गेम तुमच्यासाठी नाही. एकदा चाली पाठ झाल्या की आव्हानही उरत नाही. पण ड्रॅगनच्या गुहेत, काचेच्या गोळ्यात कोंडलेली राजकन्या डॅफनी, जिला सोडवायला डर्क निघालेला असतो, ती दिसली तेव्हा आमच्या खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. खेळाल तर एकटे खेळू नका, मागे ओरडायला दोघं-तिघं बसवा.