भेटीनंतर ती रडते म्हणून भेटी बंद करायच्या का?

पत्र थोडक्यात असं आहे. सात वर्षांची मुलगी आठ महिन्यांपासून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून तात्पुरती सांभाळायला, पत्र लिहिणारीकडे आहे, दर पंधरा दिवसांनी तिची आईशी भेट असते, आणि भेटीहून आली की पुढचे दोन-तीन दिवस रात्री अंथरूण ओलं, उशीखाली बिस्किटं लपवलेली, आणि "तू माझी आई नाहीयेस" म्हणून किंचाळणं. "मावशी, एरवी ती इतकी छान असते. सोशल वर्करला सांगून या भेटी बंद करायला लावू का? आणि खरं सांगू, ती परत गेली तर माझं काय होईल कळत नाही."

अगं, आधी तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते, कारण मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस. आठ महिने रात्री उठून चादरी बदलल्यावर जीव लागणारच, त्यात तुझं काही चुकलेलं नाही. पण ती जाईल ही तुझी भीती आणि भेटी तिला झेपतायत का हा प्रश्न, हे दोन्ही तुझ्या मनात एकत्र कालवले गेलेत, ते आधी वेगळे कर आणि मग फोन उचल.

भेटीनंतर मूल बिघडतं म्हणजे भेट वाईट, असं कुणालाही वाटेल. पण बघ ना, दर भेटीत तिला आई मिळते आणि तासा-दोन तासांत परत हातची जाते, म्हणजे घर सुटलं त्या दिवशी जे झालं तेच पुन्हा पुन्हा होतं, मग रडू येणार नाही तर काय होणार. आणि एरवी ती छान असते म्हणतेस, त्याबद्दल मला जरा शंका आहे. बरीच मुलं नव्या घरात फार शहाण्यासारखी वागतात कारण इथूनही पाठवून देतील अशी धास्ती असते. ती तुझ्यावर किंचाळते ना, तेव्हा कदाचित तिला पहिल्यांदा वाटायला लागलंय की किंचाळलं तरी ही मला घालवणार नाही.

"तू माझी आई नाहीयेस" हे वाक्य तुला लागतं, लागणारच. पण तिच्या बाजूने विचार कर, तुझ्या कुशीत तिला बरं वाटतं आणि लगेच वाटतं की आपण आईला दगा देतोय. तेव्हा तिला एवढंच सांग, "हो गं, तुझी आई तीच आहे, मी तुझी काळजी घेते आणि तुला आईची आठवण आली तर मला सांगितलेलं चालतं." समजावत बसू नकोस, तिथेच बसून राहा. भेटीनंतरचा दिवस रिकामा ठेव, क्लास नको, पाहुणे नकोत, नेहमीचं जेवण, नेहमीची झोप. अंथरुणावरून एक शब्दही बोलायचा नाही, गादीवर प्लास्टिकचं कव्हर घाल आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घे म्हणजे लघवीचं इन्फेक्शन वगैरे नाही ना ते कळेल. बिस्किटांना चोरी म्हणू नकोस हं. तिच्या नावाचा एक डबा तिच्या खोलीत ठेव आणि तो कधीच रिकामा होऊ देऊ नकोस, उपाशी राहिलेल्या मुलाला पोट भरल्यावरही उद्याची खात्री नसते.

एक गोष्ट मात्र वेगळी. कुणी मारल्याचं, धमकावल्याचं, नको तसा हात लावल्याचं तिने सांगितलं किंवा अंगावर खूण दिसली, तर त्याच दिवशी सोशल वर्करला कळवायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवायचं. तशीही रोजची डायरी ठेवच, आणि त्यात फक्त रडणं नको, भेटीहून हसत आली असेल तर तेही लिही. त्या डायरीवरून तुला भेटीची वेळ बदलून मागता येईल, जागा बदलून मागता येईल, मधल्या आठवड्यात आईशी एक फोन मागता येईल. बंद करणं ही शेवटची गोष्ट, आणि तो निर्णय तुझा नाहीच. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात स्पष्ट आहे की आईबापांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवायचा हक्क आहे, त्याच्या हिताला बाधा येत असेल तेवढा अपवाद सोडून. हक्क मुलाचा आहे गं. तिला काय वाटतं हे कुणी विचारलंय का, तेही बघ.

तिच्या आईबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस, हे मला खटकलं. तिच्या घरात काय झालं मला माहीत नाही, तुलाही कदाचित पूर्ण माहीत नसेल. पण 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यात म्हटलंय की नुसती गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही, आणि घरापासून दूर ठेवणं शक्यतो तात्पुरतंच असावं. म्हणून सोशल वर्करला विचार, आईला काय मदत सुरू आहे, व्यसनमुक्ती, घर, काम, काउन्सेलिंग, काहीतरी. तपशील गोपनीय असतील, पण मदत सुरू आहे की नाही एवढं सांगता येतं. आई सावरली तर छोटी सावरेल.

आणि तुझ्यासाठीही मदत माग. दोन दिवस विश्वासू फॉस्टर कुटुंबाकडे तिला ठेवून तू झोपलीस तर काही बिघडत नाही, फक्त का आणि किती दिवस ते तिला आधी सांग. ती गेल्यावर सगळं वाया जाईल असं वाटतं तुला, पण रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 पासून 136 मुलांचा अभ्यास झाला, अनाथालयातली काही मुलं फॉस्टर कुटुंबांत दिली तर ती मागे राहिलेल्यांपेक्षा बोलण्यात, बुद्धीत, माणसाशी जवळीक करण्यात पुढे गेली. तुझ्या घरातले दिवस तिच्या अंगात राहणार आहेत. परतायचं ठरलंच तर एका दिवसात नको, हळूहळू न्या असं आत्तापासून सांगून ठेव, आणि आईची हरकत नसेल तर नंतरही फोन चालू ठेव.

पुढच्या भेटीला तिची चित्रांची वही सोबत दे, आईला दाखवायला. आईने बघितली का ते मला नक्की कळव.