जुन्या स्पोर्ट्स कारचे पार्ट मिळत नसतील तर लोकल लेथवर बनवून घेतलेले चालतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर पुण्यात उभी आहे, पुढच्या चाकाची ट्रनियन (चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला बसणारा, आत आटे असलेला ब्रॉन्झचा तुकडा) आणि बुश गेलेत, इंग्लंडहून मागवायचं तर ड्युटी परवडत नाही, मग इथेच लेथवर बनवून घेतलं तर चालेल का आणि खर्च किती येईल.

चालतं. माझ्या गाडीत वीस वर्षांच्या वर चालून राहिलंय. पण ट्रनियन हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांबणार आहे.

आमची नागपूरची स्पिटफायर १९६५ ची, मार्क २, ११४७ सीसी. बाबांनी कामठीच्या एका रिटायर्ड फौजी साहेबांकडून घेतली होती. घरात गाड्यांचं सगळं काका बघायचे, त्यांनी तीस वर्षं ट्रकचं काम केलेलं, त्यांचा हात खरंच चांगला होता, हे आधीच सांगते. पण ट्रकच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) ग्रीस लागतं म्हणून काका स्पिटफायरच्या ट्रनियनलाही दर दिवाळीला ग्रीसगन लावायचे. मी हँडबुक उघडून दाखवलं की बघा, इथे हायपॉइड गियर ऑइल लिहिलंय, नव्वद नंबरचं. तर म्हणाले, "तेल गयून जाते, ग्रीस टिकते. तुले काय समजते त्यातलं, अन् पोरीनं गाडीखाली जावं काहून?" बाबा दोघांच्या मधे काही बोलले नाहीत. ग्रीस चालूच राहिलं.

२००३ चा मे महिना, दुपार, नागपुरात लॉ कॉलेज चौकातून मी वळत होते. स्पीड काही नव्हताच, सायकलवाला पुढे जाईल एवढा, स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, आणि डावीकडचं पुढचं चाक आडवं झालं. एक टण्ण आवाज आला आणि गाडीचं नाक रस्त्यावर. हेच वर्धा रोडवर ऐंशीच्या स्पीडला झालं असतं तर हे उत्तर लिहायला मी नसते.

गाडी हातगाडीसारखी उचलून घरी आणली आणि त्या रात्री मी सगळं स्वतः खोललं. व्हर्टिकल लिंक, म्हणजे चाक धरणारा तो उभा स्टीलचा दांडा, खाली ट्रनियनमध्ये जाणाऱ्या आट्यांपाशी तुटलेली. तुटलेलं तोंड टॉर्चखाली धरलं तर दोन रंग दिसले, अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी, जुनी चीर, त्यात गंज बसलेला, आणि उरलेला कोपरा चकचकीत राखाडी, म्हणजे त्या दिवशी तुटला तो एवढाच. बाकीचं केव्हापासून तुटून राहिलं होतं देव जाणे. ट्रनियनच्या आत ग्रीस होतं, पण वाळून मेणासारखं, नखानं खरडलं तर तुकडे पडत होते, आणि त्याच्या खाली आट्यांत लाल पाणी. स्टिअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांतच फिरते, तिथे पातळ काही पोचलंच पाहिजे. ग्रीस वरच्या वर बसतं, आटे कोरडे राहतात, पावसाचं पाणी खालून शिरतं, स्टीलला गंज, गंजाचा खड्डा, खड्ड्यातून चीर. ब्रॉन्झचं काही बिघडत नाही, मरते ती लिंक.

काका आले, बघितलं आणि म्हणाले, लोखंडच कच्चं होतं.

आता तुमच्या कामाचं. लिंक मी बनवली नाही, ती फोर्जिंग आहे, म्हणजे तापवून ठोकून घडवलेली, ती लेथवर रॉडमधून काढायची नाही म्हणजे नाही. ती ओळखीच्या माणसाबरोबर इंग्लंडहून आणली. ट्रनियन मात्र दोन्ही बाजूंच्या इथे बनवल्या. पहिल्यांदा एका फाउंड्रीत गनमेटलच्या ओतून घेतल्या, दिसायला सुंदर. रात्रभर आत रॉकेल भरून ठेवलं, सकाळी बाहेरून ओल्या, अंगभर बारीक छिद्रं. ज्या पार्टमध्ये तेल राहायला पाहिजे त्यातूनच तेल पाझरणार असेल तर काय उपयोग. त्या फेकल्या. मग इतवारीत लोहा ओळीतून फॉस्फर ब्रॉन्झचा जाड रॉड वजनावर घेतला आणि हिंगणा एमआयडीसीत एका म्हाताऱ्या टर्नरकडे गेले, कारण त्यांचा लेथ जुना, इंचाच्या लीडस्क्रूचा (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवतो तो लांब स्क्रू). हे महत्त्वाचं आहे भाऊ, आटे इंचाचे आहेत. मेट्रिक लेथवर ते पाडायचे तर १२७ दात्यांचा चेंजगियर लागतो (इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचा हिशोब), आणि बहुतेक जॉबवर्कवाल्यांकडे तो नसतो, ते "जवळपासचा पिच लावून देतो" म्हणतात. जवळपासचा पिच लावून घेऊ नका. आणि डाव्या बाजूचे आटे उजव्याच्या उलटे असतात, दोन्ही सॅम्पल सोबत न्या, तोंडी सांगून काम देऊ नका.

त्या टर्नरांनी आटे शेवटपर्यंत एकदम काढले नाहीत. थोडे कमी ठेवले, लिंकला निळं लावलं, ट्रनियन हातानं फिरवत वर चढवली, उतरवली, आत निळं कुठे लागलं ते बघितलं, परत एक-दोन थाऊचा (इंचाचा हजारावा भाग) कट. असं सहा-सात वेळा. माझ्या हातात दिली तेव्हा तेल लावून दोन बोटांनी फिरत होती आणि हलवली तर खटखट नाही. मी तिथे स्टुलावर बसून रडले, खरं सांगते. बसवताना ट्रनियन पूर्ण वर चढवून मग थोडी मागे फिरवायची असते, नाहीतर फुल लॉकला आटे तळाला टेकतात आणि लिंकवर जोर येतो.

खालचे नायलॉनचे बुश डेलरिनच्या (ओलावा न पिणारं कडक प्लास्टिक) रॉडमधून काढा. साधं नायलॉन ओलावा पितं आणि फुगतं, आपल्याकडे मे मध्ये पंचेचाळीस डिग्री आणि जुलैत सगळं ओलं, पहिल्याच पावसाळ्यात माझे बुश जाम झाले होते. बॉडी आणि चेसिसच्या मधले पॅड मी कोळसा खाणीच्या टाकाऊ कन्व्हेयर बेल्टमधून कापले, रबर आणि कापडाचे थर असतात, दबत नाहीत, भंगारात किलोवर मिळतो. गाडीतल्या फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) मात्र कुठल्याही रबराचा कापू नका, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, जुन्या जातीचं रबर त्यात फुगून जातं, व्हायटॉन नावाचं रबर मागा.

लोक सांगतील की आपल्या मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं सगळं लागतं. दोन्ही गाड्या इटलीच्या डिझायनर मिकेलॉत्तींनीच डिझाइन केल्या आणि स्पिटफायरची चेसिस हेराल्डवरूनच आली हे खरं, बरंच जुळतंही. पण हेराल्डला पुढे ड्रम ब्रेक, स्पिटफायरला डिस्क, त्यामुळे भंगारातल्या हेराल्डची लिंक व्हर्निअरनं मापं न घेता चढवू नका.

हो, ब्रेकचं राहिलंच. मास्टर सिलिंडरचे सील, कॅलिपरचे पिस्टन, होज, यातलं काहीही घरी बनवायचं नाही, स्टिअरिंग रॅकचंही नाही. हे आधी लिहायला हवं होतं. खर्चाचं म्हणाल तर रॉड वजनावर आणि काम तासावर, आजचा रेट तिथेच विचारा, आणि फेकून देण्याच्या एका जोडीचे पैसे वेगळे धरा.

ओरिजिनलच हवं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, तुटलेली लिंक कोव्हेंट्रीची ओरिजिनलच होती. आणि काका, तुम्ही माझी उत्तरं वाचता मला माहीत आहे. उजवीकडची लिंकही त्याच वर्षाची, त्याच कारखान्याची, त्याच लोखंडाची. २००३ ला साफ करून डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारलं, चीर नव्हती, तेव्हापासून तिला फक्त तेल, दर पावसाळ्याआधी आणि नंतर. परवाच परत खोलून पेनिट्रंट मारलं. ती लिंक अजून गाडीवर आहे. लोखंड कच्चं नव्हतं.

पुणेवाले भाऊ, लेथवाला शोधायच्या आधी एवढं करा. गाडी जॅकवर घ्या, ट्रनियनचा प्लग किंवा निपल काढा आणि आत तार घालून बघा. तारेला तेल लागलं तर तुमच्या वडिलांचे उपकार माना. घट्ट ग्रीस लागलं तर गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नका, ट्रकवर चढवून न्या, आणि दोन्ही लिंका काढून आधी चीर तपासून घ्या.