पुनर्रचनेचा क्लेम ‘कॉस्मेटिक’ म्हणून फेटाळला

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, वय ४७. मे २०१८ पासून एकाच कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी आहे, एकदाही खंड नाही. २०२४ च्या जानेवारीत कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, मग केमो आणि रेडिएशन झाले. ते क्लेम मिळाले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये स्तनाची पुनर्रचना करून घेतली, बिल ४ लाख ६० हजार. कंपनीने ‘कॉस्मेटिक सर्जरी’ म्हणून क्लेम फेटाळला. एजंट म्हणतो, वाद घातलात तर मेमध्ये पॉलिसी रिन्यू होणार नाही. हाताला सूज येते, ती दाबून ठेवणाऱ्या घट्ट बाहीचे, म्हणजे स्लीव्हचेही पैसे मिळत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, आधी पॉलिसीचे पुस्तक काढा. कंपनीचे पत्र नव्हे, पुस्तक. ‘वगळलेल्या बाबी’ या भागात ‘एक्स्क्ल ०८’ (Excl08) असा कोड शोधा. हे कलम कंपनीने स्वतः रचलेले नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकच मजकूर ठरवून दिला. त्याचा आशय असा : सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी, दिसणे बदलणारे उपचार यांचा खर्च मिळणार नाही, मात्र अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द तिथे छापलेला आहे. तुम्हाला पाठवलेल्या पत्रात कंपनीने ‘मात्र’च्या आधीचेच कलम वापरलेले दिसते. उरलेला अर्धा भाग तुमचा आहे.

अशा क्लेमचे घोडे बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्डावर अडते. प्लास्टिक सर्जनच्या विभागातून कार्ड निघते, त्यावर ‘कॉस्मेटिक’ किंवा ‘इलेक्टिव्ह’ (तातडीची नसलेली, ठरवून केलेली) असा शब्द पडतो आणि मूळ आजाराचा उल्लेखच राहून जातो. कार्डावर खाडाखोड करू नका, कोणाला करूही देऊ नका. मग भांडण खोट्या कागदाचे होते. सर्जनकडून लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह वेगळा दाखला घ्या. त्यात निदान, स्तन काढल्याची तारीख, बायोप्सी अहवालाचा क्रमांक, रेडिएशन कधी संपले हे लिहिलेले हवे. पुनर्रचना ही कॅन्सरच्या उपचाराचाच पुढचा टप्पा आहे, हे वाक्य स्पष्ट हवे. ‘पावणेदोन वर्षे का थांबलात?’ हा प्रश्न येणारच. रेडिएशननंतर त्वचा आणि ऊती सावरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून पुनर्रचना पुढे ढकलली जाते. हे कारणही डॉक्टरांनीच लिहावे. बिलात दुसऱ्या स्तनाचा आकार जुळवण्याचा खर्च असेल तर तो वेगळा दाखवून घ्या. त्या रकमेवर वाद होऊ शकतो, त्यापायी पूर्ण क्लेम अडकायला नको.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. कलम पूर्ण उतरवा, दाखला जोडा आणि एक प्रश्न विचारा : क्लेम फेटाळायला कंपनीतल्या क्लेम आढावा समितीची मंजुरी कोणत्या तारखेला घेतली? आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. या एका ओळीने फाईल कोणीतरी पुन्हा उघडते. ‘आधीचा आजार लपवला’ असे नवे कारण आता पुढे केले, तर सांगा की पॉलिसीला सलग ६० महिने होऊन गेले आहेत; त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक सोडून त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. नवी मुंबईकरांना आता लांब जावे लागत नाही, लोकपालांचे कार्यालय ठाण्यातच आहे. फी नाही. तिथे वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचे. दाखला आणि कलम समोर ठेवले की पुरे. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जा. निवाडा तुमच्या बाजूने झाला आणि कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर दर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला देणे लागते.

ग्राहक आयोगाची घाई करू नका. तिथे प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. लोकपालांकडे निराशा झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, मुदत नकारापासून २ वर्षे. ती मुदत संपण्याची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

स्लीव्हबद्दल खोटी आशा दाखवत नाही. दुकानातून घेतलेली स्लीव्ह, सिलिकॉनचा कृत्रिम स्तन, सूज उतरवण्याची फिजिओथेरपी हे सगळे ओपीडीत मोडते आणि बहुतेक पॉलिसी ते देत नाहीत. ओपीडीचे कवच असेल किंवा रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत डॉक्टरांनी लिहून दिलेले असेल, तर बिल जरूर लावा. ही गरज वर्षानुवर्षे राहते आणि विम्यात तिला जागाच नाही, हे मला अन्यायकारक वाटते.

आता एजंटचे. त्याने सांगितले ते साफ चूक आहे. आधी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि तुमच्या एकटीच्या क्लेमवरून प्रीमियम चढवताही येत नाही. वाढ झाली तर ती त्या योजनेतल्या सगळ्यांना लागू होते. या भीतीने कितीतरी बायका हक्काचा क्लेम सोडून देतात. तुम्ही फक्त दोन गोष्टी सांभाळा : विमा रक्कम वाढवून मागू नका, कारण वाढीव रकमेसाठी नव्याने तपासणी होते, आणि मेचा हप्ता मुदतीच्या आधी, स्वतःच्या खात्यातून, ऑनलाइन भरून पावती ठेवा. एजंटच्या हाती चेक देऊ नका.