वाचकांचे प्रश्न : डिस्क शेल्फमध्ये प्रत्येक भाग दोनदा का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने एका कार्यालयाने वापरातून काढलेले डिस्क शेल्फ विकत घेतले आहे. पुढे २४ डिस्कचे कप्पे आहेत आणि मागे दोन सारखीच मॉड्यूल व दोन पॉवर सप्लाय आहेत. विक्रेत्याच्या मते यांपैकी एकेक काढून ठेवला तरी काम चालते. हे खरे आहे का? शिवाय या पेटीत संगणक नेमका कोठे आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ज्या अर्थाने संगणक म्हणता, तसा तो या पेटीत नाही. डिस्कवर काय लिहायचे, कोणत्या डिस्कची प्रत कोठे ठेवायची, हे सर्व शेजारच्या सर्व्हरमधील किंवा स्वतंत्र कंट्रोलरमधील कार्ड आणि सॉफ्टवेअर ठरवते. शेल्फचे काम डिस्कना जागा, वीज, हवा आणि वाट पुरवण्याचे. मागच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक्स्पांडर नावाची चिप असते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोजक्या तारांवरून शेकडो घरे जोडली जात, तशी ही चिप एका केबलवरून आलेली मागणी २४ पैकी योग्य त्या डिस्ककडे पोहोचवते. याच मॉड्यूलमधील एक छोटा नियंत्रक तापमान, पंख्यांचा वेग आणि व्होल्टेज यांवर लक्ष ठेवून सर्व्हरला कळवतो आणि बिघडलेल्या डिस्कच्या कप्प्यावरचा दिवाही लावतो.

सॅस (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी डिस्क-जोडणीची पद्धत) प्रकारच्या डिस्कला दोन पोर्ट असतात. एक पहिल्या मॉड्यूलकडे जातो, दुसरा दुसऱ्याकडे. म्हणून एक मॉड्यूल काढले तरी सर्व डिस्क दिसत राहतात आणि विक्रेत्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरते. मात्र साध्या साटा (नेहमीच्या संगणकांतील जोडणीच्या) डिस्कला एकच पोर्ट असल्यामुळे, दोन्ही वाटा हव्या असल्यास तिच्या कॅडीत, म्हणजे डिस्क बसवून कप्प्यात सरकवायच्या चौकटीत, इंटरपोझर हे छोटे कार्ड बसवावे लागते. ते नसेल तर ज्या मॉड्यूलवर ती डिस्क अवलंबून आहे, ते काढताच ती नाहीशी होईल. कॅड्या उघडून हे आधी पाहावे.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मी विक्रेत्याशी सहमत नाही. अनेक शेल्फमध्ये पंखे पॉवर सप्लायच्याच डब्यात असतात, त्यामुळे तो डबा काढला की वीज अर्धी होतेच, शिवाय हवाही अर्धी होते, आणि उघड्या राहिलेल्या जागेतून हवा आत ओढली जाऊ लागल्याने डिस्कवरून वाहणारा झोत कमी होतो. म्हणून बंद पडलेला पॉवर सप्लायसुद्धा नवा हाताशी येईपर्यंत जागेवरून हलवू नये. पुढच्या रिकाम्या कप्प्यांतील झाकणेही याच कारणासाठी असतात. ती शोभेची समजून फेकून देणारे पुष्कळ आहेत. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेले असतील तर दोन असण्याचा उपयोग जवळजवळ संपतो. एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या सर्किटवर हवा.

या पेटीत दुहेरी नसलेली महत्त्वाची वस्तू म्हणजे मिडप्लेन, अर्थात मधला सर्किट बोर्ड, ज्याला पुढून डिस्क आणि मागून मॉड्यूल येऊन भिडतात. त्यावर बहुतांशी फक्त कनेक्टर आणि तांब्याच्या वाटा असल्याने तो सहसा बिघडत नाही, परंतु कॅडी तिरकी घालून जोर लावला आणि पिन वाकली तर तो कप्पा कायमचा गेला असे समजावे; कारण बोर्ड बदलायचा तर अख्खे शेल्फ बंद करून रिकामे करावे लागते. जुना माल घेताना मी सर्वांत आधी टॉर्च घेऊन प्रत्येक कप्प्याच्या तळाशी पाहीन.

प्रश्न : दोन्ही केबल जोडल्यावर आमच्या लिनक्स सर्व्हरला २४ ऐवजी ४८ डिस्क दिसतात. एक केबल काढू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू नका. प्रत्येक डिस्क दोन वाटांनी दिसत असल्यामुळे तिला दोन नावे मिळाली आहेत. मल्टिपाथ सेवा सुरू केली की दोन्ही नावे एका डिस्कखाली येतील. तोवर कोणत्याही नावावर फाइल सिस्टिम बनवू नये; दोन वेगळ्या डिस्क समजून दोन्हीवर लिहिले गेले तर माहितीची नासाडी होते.

वेगासाठीही दुसरी केबल उपयोगी पडते. ६ गिगाबिटच्या सॅसमध्ये एका केबलमधील चार मार्गिकांवरून सेकंदाला सुमारे २.४ गिगाबाइट जातात, तर २४ डिस्क प्रत्येकी २०० मेगाबाइटने सलग वाचू लागल्या तर ४.८ गिगाबाइट होतात. रोजच्या किरकोळ कामात हा फरक जाणवणार नाही, पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर माहिती पुन्हा भरताना जाणवेल.

प्रश्न : शेल्फसोबत आलेल्या जुन्या डिस्कची क्षमता बरोबर दिसते, परंतु त्यांवर काहीच लिहिता येत नाही. त्या खराब आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाहीत. मोठ्या स्टोरेज यंत्रणांतील काही डिस्क ५१२ ऐवजी ५२० बाइटच्या सेक्टरमध्ये (डिस्कवर माहिती साठवण्याच्या लहान तुकड्यांत) फॉरमॅट केलेल्या असतात. जास्तीचे ८ बाइट माहितीच्या पडताळणीसाठी वापरले जातात. सामान्य ऑपरेटिंग सिस्टिम असे सेक्टर स्वीकारत नाही. लिनक्सवरील एसजी-फॉरमॅट या साधनाने सेक्टर ५१२ बाइटचा करता येतो, मात्र डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते आणि मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. मधेच वीज गेली तर ती फॉरमॅट पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे.