तो पळतोय, पळू दे

प्रश्न : दादा, वर्षभर झालं आयएल-टू हा हवाई लढाईचा कॉम्प्युटर गेम खेळतोय, जास्त करून मेसरश्मिट 109 हे जर्मन लढाऊ विमान घेतो. नेम चांगला आहे, पहिली झडप पण बरोबर बसते, पण समोरच्या स्पिटफायरमधून, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानातून, धूर निघाला की मला राहवतच नाही, मागेच लागतो, आणि दर वेळी कुणीतरी मागून येऊन मला पाडतं. मित्र म्हणतात डावपेच शीक. कुठले शिकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे मित्रा, डावपेच येतात की तुला. पहिली झडप बसते म्हणजे उंची घेतोस, ऊन पाठीशी ठेवतोस, जवळ जाऊन मारतोस. घोळ त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटात आहे, आणि हे मी छातीठोक सांगतो कारण मी पण तिथेच मेलोय, किती वेळा ते मोजणं कधीच सोडलं.

एकदा 4000 मीटरवरून खाली आलो, स्पिटफायरला गोळे लागले, मागे पांढरी रेघ सुटली, म्हणजे रेडिएटर फुटला. आता त्याचं इंजिन थोड्या वेळात तापून आपोआप बसणार, मी काहीही करायची गरज नव्हती. पण मला तो आपटलेला बघायचा होता ना! तो वळला, मी वळलो, तो अजून आवळून वळला, मी पण विमान वळवायची काठी पोटात ओढली, आणि मग डाव्या पंखावर मागून येणारे ट्रेसर, म्हणजे चमकत जाणाऱ्या गोळ्या, दिसले आणि संपलं. नंतर रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर 40 सेकंदांत मी एकदाही मान मागे वळवली नव्हती. उंची 600 मीटर, वेग ताशी 260 किमी. त्या वेळी मात्र मला वाटत होतं की मी जिंकतोय.

आता यातलं गणित बघ, अवघड नाहीये. कात्रजच्या उतारावरून सायकल सोडली की पुढचा चढ निम्मा फुकटात चढता येतो, पण मध्येच ब्रेक दाबले तर सगळं पायडल मारून चढायचं. विमानात आवळून मारलेलं वळण म्हणजे तो ब्रेक. ताशी 500 किमीच्या वेगात, हवेचा विरोध सोडला तर, साधारण 980 मीटर वर जाण्याइतका जोर साठलेला असतो, आणि 300 च्या वेगात फक्त 350 मीटर. म्हणजे एका हट्टी वळणात तू 600 मीटरचा डोंगर उधळलास, तेही स्पिटफायरशी, ज्याचा पंख वजनाच्या मानाने मोठा आहे आणि तो तुझ्या 109 पेक्षा लहान वर्तुळात वळणारच. त्याच्या अंगणात जाऊन खेळू नकोस. मारलंस की सरळ निघ, वर जा, खाली बघ, वाटलं तर परत ये.

आणि हा रोग नवशिक्यांनाच होतो असं समजू नकोस हां. पहिल्या महायुद्धातला जर्मन पायलट रिख्तहोफेन, 80 विमानं पाडलेला माणूस, 21 एप्रिल 1918 ला एका नवख्या कॅनडियन पायलटच्या मागे सोम नदीकाठी अगदी खाली, शत्रूच्या हद्दीत गेला आणि तिथेच गोळी लागून मेला. तीन महिन्यांनी ब्रिटिश पायलट मिक मॅनॉक. तो आपल्या लोकांना सांगायचा की पाडलेल्या विमानामागे खाली जाऊ नका, आणि 26 जुलैला स्वतःच खाली गेला, जमिनीवरून गोळीबार झाला, विमानाने पेट घेतला. सूत्रं दोघांनाही तोंडपाठ होती. त्याच जुलैत ब्रिटिश हवाई दलात लढणारा कोलकात्याचा इंद्रलाल रॉय, वय 19, त्याने 13 दिवसांत 10 विमानं पाडली आणि 22 तारखेला तोही गेला. आपल्याकडे त्याचं नाव फार कमी जणांना माहितीये, म्हणून जाता जाता सांगितलं.

सराव काय करायचा? जुना 109 ई-4 घे. त्याच्या पंखातल्या तोफांना प्रत्येकी 60 च गोळे, सात सेकंदांत खलास, त्यामुळे हात आपोआप आखडतो. एका झडपेत दीड सेकंदच ट्रिगर, आणि बोट उचलताक्षणी त्या स्पिटफायरवरून नजर काढून आधी मागे बघायचं, तो पडला की नाही हे बघायचं नाही. सुरुवातीला फार जीवावर येतं, जेवताना समोरचा मोबाइल उलटा ठेवल्यासारखं. आणि पुढच्या 10 फेऱ्यांचा हिशोब वहीत लिही, किती पाडली ते नको, किती वेळा धावपट्टीवर परत उतरलास ते.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या बोल्के या जर्मन पायलटच्या 1916 च्या हवाई लढाईच्या नियमांमध्ये तर लिहिलंय की एकदा हल्ला सुरू केला की तडीस न्यावा. मग तुम्ही सोडून द्या कसं म्हणता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाटलंच होतं पुण्याहून हे येणार. तो नियम झडप घालताना कच खाऊन अर्ध्यात पाठ दाखवणाऱ्यासाठी आहे, कारण तसं केलं की समोरच्याला तुमची शेपटी आयती मिळते. त्याच यादीत पुढे हेही आहे की शत्रूच्या हद्दीत परतीची वाट विसरू नका, तेही वाचा. आणि बोल्के स्वतः कसा गेला? 28 ऑक्टोबर 1916 ला तो आणि त्याचाच साथीदार एकाच इंग्लिश विमानामागे होते, दुसरं विमान आडवं आल्यावर दोघं बाजूला वळले आणि एकमेकांना घासले. 40 विमानं पाडलेला माणूस शत्रूच्या गोळीने मेलाच नाही. त्यामुळे सर्व्हरवर तुमचा साथीदार कुणाच्या मागे असेल तर तुम्ही वर थांबा, त्याची पाठ सांभाळा, मध्ये घुसू नका. स्कोअर त्याला मिळाला तर मिळू दे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. रात्री कानाला हेडफोन लावून "सोड, सोड त्याला, जाऊ दे, वर ये!" असं ओरडत असतो. काही काळजीचं आहे का?
– एक आई, नाशिक

उत्तर : अहो ताई, अजिबात नाही. साथीदार धुरामागे पळत सुटलाय आणि तुमचा मुलगा त्याला परत बोलावतोय, म्हणजे वरच्या सांगलीकरापेक्षा तो बराच पुढे आहे. ओरडण्याचं म्हणाल तर माइक तोंडापासून लांब असणार. तो ओठांजवळ ओढून घ्यायला सांगा, कुजबुजलं तरी समोरच्याला ऐकू जातं. आणि दुसऱ्या दिवशी क्लास असेल तर साडेदहाला तुम्हीच जाऊन म्हणा, "सोड, वर ये, जेवायला."